पट्टी ठरेना

मी एक स्टील गिटार आहे आणि मला स्वस्थ बसणं जमत नाही. यात माझा दोष नाही, मला घडवलंच तसं आहे. इतर गिटारींना लोक कुशीत घेतात. मला मात्र टेबलासारखं चार पायांवर उभं करतात आणि समोर खुर्ची टाकून बसतात. इतर गिटारींच्या गळ्यावर पडदे ठोकलेले असतात, तिथे सूर कसा घरातल्यासारखा नेमक्या जागी बसतो. माझ्या अंगावर नुसत्या रंगवलेल्या रेषा. तारांवरून एक गुळगुळीत पोलादी कांडी सरकते. ती रेषेच्या केसभर अलीकडे थांबली की सूर रडका, केसभर पलीकडे गेली की कर्कश.

शिवाय पायाखाली तीन पेडल आणि गुडघ्यांजवळ लोखंडी दांड्या. पाय दाबला की वाजत असलेली तारच ताणली जाते, सोडला की सैल पडते. सुरातून सुरात घसरत जाणं हाच माझा जन्म.

मला अल्विन टॅकेटनं घडवलं. तेलविहिरींचे पंप दुरुस्त करणारा माणूस, मेस्किट फ्लॅट नावाच्या गावाबाहेर पत्र्याच्या शेडमध्ये राहायचा. पंपांच्या लोखंडातून त्यानं माझ्या दांड्या कापल्या आणि मेपलच्या फळीवर दहा तारा चढवल्या. मी पहिल्यांदा वाजले तेव्हा त्याचा कुत्रा उठून बाहेर गेला. अल्विन म्हणाला, "छान झाली. याला कोल्हेकुईसुद्धा सहन होत नाही."

त्याच्याकडून मला हॉलिस मेब्रीनं नेलं. हॉलिस कापसाच्या जिनिंगमध्ये काम करायचा. मला वाजवायची त्याला फार हौस, पण दोन हात, दोन पाय आणि दोन गुडघे एकाच वेळी वेगवेगळ्या कामाला लावायचे म्हटलं की त्याला दरदरून घाम फुटे. एक दिवस त्यानं बोटांतल्या नख्या काढून ठेवल्या. "हे वाजवायला माणूस उपयोगाचा नाही, आठ पायांचा कोळी पाहिजे," असं म्हणून तो उठला.

त्याच्या जागी येऊन बसली त्याची थोरली मुलगी ओलेटा. लांब पायांची, कमी बोलणारी. तिनं कांडी हातात घेतली, पेडल दाबला आणि सूर वर सरकताना मान तिरकी करून ऐकत राहिली. त्या दिवसापासून मी ओलेटाची झाले.

धाकटी नेल्डा गायची. ओलेटाच्या शेजारी उभी राहून, एक हात फ्रिजच्या दांडीवर ठेवून. दोघींनी मिळून स्वयंपाकघरात एक गाणं रचलं. कापसाच्या हंगामात हॉलिस उशिरा यायचा आणि त्यांची आई त्याचं ताट ओव्हनमध्ये झाकून ठेवायची, त्यावरून सुचलेलं. तीन कडवी आणि प्रत्येकाच्या शेवटी एकच ओळ : ताट अजून गरम आहे.

ते गाणं कुठल्या पट्टीत म्हणायचं हे कुणी ठरवलंच नाही. नेल्डानं तोंड उघडलं आणि ती पट्टी होती ए. तुमच्याकडे गवई पेटीवाल्याकडे पांढरी सहा मागतो ना, तीच. शेवटच्या कडव्यात ती ओळ इतकी वर जायची की खिडकीपाशी बसलेले लोक बाहेर रस्त्याकडे बघायचे. जणू खरोखर कुणाची तरी गाडी वळून येतेय.

आजूबाजूच्या गावांत गाण्याचं नाव झालं. मग नॅशव्हिलहून आलेल्या एका वाद्यवृंदानं नेल्डाला नेलं. त्यांचा स्टील गिटारवाला त्यांच्याकडे होता. ओलेटाला कुणी विचारलंसुद्धा नाही. नेल्डानंही नाही.

ओलेटानं मला पेटीत भरून पलंगाखाली सरकवलं. पुढची कितीतरी वर्षं मी अंधारात काढली. वर तिचं आयुष्य चाललेलं ऐकू यायचं. ती शाळेची बस चालवायची. तिनं वर्न नावाच्या भल्या माणसाशी लग्न केलं, त्याला बेसबॉलखेरीज कशाचं वेड नव्हतं. मग वर्न वारला. माझ्या तारा गंजल्या, दांड्या आखडल्या. थंडी आली की लाकूड आकसायचं आणि मी आतल्या आत कुरकुरायचे. पलंगावर ओलेटा कूस बदलायची.

नेल्डा परत आली तेव्हा तिच्याकडे एक जुनी गाडी आणि दोन बॅगा होत्या. बहिणीला मिठी मारायच्या आधी तिनं विचारलं, "ती आहे का गं अजून?" ती म्हणजे मी. ओलेटा पलंगाजवळ ओणवी झाली.

त्यानंतरची वर्षं चांगली गेली. रविवारी चर्च आटोपलं की फार्मर्स हॉलमध्ये दुपारचा नाच असायचा आणि आम्ही तिथे वाजवायचो. मग नेल्डाच्या गळ्यात गाठ निघाली. वाईटातली नव्हती, पण ती काढताना आवाजाची एक नस दुखावली. डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं की असं होऊ शकतं. वर्षभर नेल्डा गायली नाही. बोलायची तेव्हा आवाजात वाळू असल्यासारखी वाटायची.

आणि एक दिवस तिनं परस्पर हॉलवाल्यांना सांगून टाकलं, या रविवारी मी गाणार आहे. एकच गाणं. कुठलं ते सांगायची गरज नव्हती.

बुधवारी सगळे ओलेटाच्या बाहेरच्या खोलीत जमले. बेस वाजवणारा कर्टिस यांडेल आला. त्याचं गुरांच्या खाद्याचं दुकान आहे, त्यामुळे शर्टाला कायम भुशाचा वास. साधी गिटार वाजवणारा लुपे अरेदोंदो आला. तो शाळेच्या बस दुरुस्त करतो, मिशा मोठ्या आणि बोलणं थोडं.

"ए," नेल्डा म्हणाली. खुर्ची पुढे केली तरी ती बसली नाही.

ओलेटानं कांडी पाचव्या रेषेवर ठेवली. पहिलं कडवं ठीक गेलं. दुसऱ्यात आवाज पातळ झाला. तिसऱ्यात ती उंच ओळ आली आणि नेल्डाचा आवाज काचेला तडा जावा तसा मधोमध गेला. सगळे थांबले.

नेल्डानं माझ्याकडे बोट केलं. "तुझी गिटार चढलीय, ओलेटा. खुंट्या बघ तिच्या."

"माझी गिटार बरोबर आहे."

"मग कर्टिसचा बेस चढलाय."

"माझ्याकडे चारच तारा आहेत, नेल्डा," कर्टिस म्हणाला. "चारही बिचाऱ्या आपापल्या जागी आहेत."

कुणी हसलं नाही. लुपे स्वतःच्या बुटांकडे बघत राहिला.

"जी करून बघू या?" ओलेटानं विचारलं. कांडी तिसऱ्या रेषेवर आली, म्हणजे पट्टी खाली. जीमध्ये नेल्डा वरचा सूर गाठायची, पण गाठताना मानेच्या शिरा तट्ट फुगायच्या. ऐकणाऱ्याचाच घसा दुखावा असं ते गाणं झालं.

"ई," ओलेटा हळूच म्हणाली. म्हणजे आणखी खाली.

"ईमध्ये बाबा म्हणायचे! ती पुरुषांची पट्टी आहे. उद्या मला मिशा लावायला सांगशील."

"मिशा लुपेकडून घेऊ," कर्टिस म्हणाला. "त्याच्याकडे दोघांना पुरतील इतक्या आहेत."

या वेळी नेल्डालाही हसू आलं. त्या हसण्याच्या भरात ती ईमध्ये गायला लागली. आणि काय सांगू, माझ्या लाकडातून शिरशिरी गेली. तिच्या आवाजाच्या तळाशी कधी न उघडलेली खोली होती आणि तिचं दार आत्ता कुठे किलकिलं होत होतं. ओलेटाच्या बोटांना ते कळलं, मला तिच्या बोटांतून कळलं. पण दुसऱ्या कडव्याच्या मध्यावर नेल्डा एकदम गप्प झाली.

"हे कोण गातंय?" ती म्हणाली. "ही बाई माझ्या ओळखीची नाही." तिनं पर्स उचलली. "रविवारी जी. विषय संपला."

ओलेटा तिच्या मागोमाग दारापर्यंत गेली. तिथे नेल्डा तिला म्हणाली, "ग्रेडीनं खोली रिकामी करून ठेवलीय माझ्यासाठी." ग्रेडी तिचा मुलगा, टल्साला असतो. "रविवारी बरं झालं तर राहीन. नाही झालं तर जाईन. या गावात गप्प बसून राहणं मला नाही जमायचं, ओलेटा. इथे प्रत्येक जण मला बघतो आणि घशाकडे बघतो."

तेव्हापासून रविवारपर्यंत ओलेटानं मला पेटीत घातलंच नाही. ती येता जाता माझ्यापाशी थांबायची. कांडी पाचव्या रेषेवर ठेवायची, तिथून तिसऱ्यावर, तिथून वर बाराव्यावर, जिथे ई सापडतो, आणि न वाजवताच खाली ठेवून द्यायची. मला वाटायचं, अगं, काहीतरी वाजव तरी. तारांना नुसतं शिवून निघून गेलेलं फार वाईट असतं.

रविवारी हॉल भरून गेला. टेबलांवर ब्रिस्केटचे, म्हणजे धुरावर शिजवलेल्या मांसाचे ट्रे, राजम्याच्या कढया, पीचची गोड पाई. बूट सरकावेत म्हणून जमिनीवर मक्याचं पीठ भुरभुरलेलं. बाहेर धुळीचा वारा आणि आत माणसांची गर्दी, त्यामुळे माझ्या तारा सारख्या उतरत होत्या. ओलेटा दर गाण्यानंतर कान लावून मला सुरात आणायची.

नेल्डा निळा ड्रेस घालून वर आली आणि सगळा हॉल उभा राहिला. टाळ्या थांबेनात. शिट्ट्या वाजल्या. मला तिचा चेहरा दिसत होता. त्या टाळ्यांनी ती भराभर तरुण होत गेली. वर्षभराचा घसा, डॉक्टर, बुधवारची दुपार, सगळं तिच्या अंगावरून गळून पडलं. ती आमच्याकडे वळली.

"ए," ती म्हणाली.

ओलेटानं मान हलवली. "नेल्डा, जी ठरलंय."

"ही माणसं ए ऐकायला आलीत. ए!" हे माइकमध्ये गेलं आणि लोक आणखी जोरात ओरडले.

ते गाणं माझ्या एकटीपासून सुरू होतं. म्हणजे कांडी ज्या रेषेवर टेकेल ती पट्टी. नेल्डानं काहीही म्हटलं तरी त्या क्षणी तिचा गळा ओलेटाच्या डाव्या हातात होता. कांडी माझ्यावर तरंगत राहिली, तिसऱ्या रेषेवर, मग पाचव्या, मग पुन्हा तिसऱ्या. मला घाई झाली होती. टेक कुठंतरी, टेक!

कांडी पाचव्या रेषेवर टेकली. बहिणीनं सगळ्यांसमोर मागितलेलं तिनं मोडलं नाही.

पहिलं कडवं टाळ्यांच्या जोरावर निघून गेलं. जोडपी नाचू लागली. दुसऱ्या कडव्याच्या अखेरीस मात्र नेल्डाचा आवाज चिरकला, चांगला स्पष्ट. नाचणाऱ्यांनी ऐकू न आल्यासारखं केलं. पुढच्या टेबलावरच्या एका माणसानं पाईत चमचा घातला आणि तो चमचा तिथेच राहिला. नेल्डाची बोटं माइकच्या दांडीवर पांढरी पडली. आता मध्ये मी वाजायचं होतं आणि त्यानंतर ते तिसरं कडवं, ती उंच ओळ.

ओलेटा वाजवू लागली. इतक्या वर्षांत तिनं मला असं कधीच वाजवलं नव्हतं. तिला राग आला होता, भीती वाटत होती, आणि दोन्ही गोष्टी माझ्या तारांतून जात होत्या. वाजवता वाजवता तिनं मान वर करून कर्टिसकडे पाहिलं. ओठांनीच म्हणाली : ई.

मग तिनं कांडी पाचव्या रेषेवरून सातव्यावर सरकवली.

देशभरचे गाणारे शेवटच्या कडव्याला गाणं वर चढवतात. ऐकणाऱ्यांना सवय असते, आता उंच जाणार म्हणून ते श्वास धरतात. नेल्डाची पाठ एकदम ताठ झाली. तिला वाटलं, बहीण आणखी वर नेतेय. माझ्या तारांनाही क्षणभर तेच वाटलं.

आणि ओलेटानं दोन पेडल दाबले. कांडी जागची हलली नाही, पण तिच्याखाली अख्खा सूर हळूच वळला आणि ईमध्ये जाऊन बसला. कर्टिसचा बेस त्याच क्षणी खाली उतरला. लुपे एक ठोका मागे राहिला, पण आला.

नेल्डानं वळून पाहिलं नाही. तिची गायची जागा आली आणि रिकामी निघून गेली. ओलेटानं ती भरून काढली. पुन्हा आली, पुन्हा गेली. मी थरथरत होते. गा बाई, गा. दार उघडून धरलंय, आत ये.

नेल्डानं सुरुवात केली. जवळजवळ बोलल्यासारखी. तो आवाज घशातून येत नव्हता, त्याच्याही खालून येत होता. उंच ओळ आली तेव्हा ती उंच उरलीच नव्हती. ताट अजून गरम आहे. एमध्ये ती ओळ रस्त्याकडे तोंड करून मारलेली हाक होती. ईमध्ये रस्त्यावर कुणीच नव्हतं. एक बाई आपल्या स्वयंपाकघरात उभी राहून स्वतःला सांगत होती आणि तिच्या सांगण्यात गाऱ्हाणं नव्हतं.

नाचणारे थांबले. शेवटचा सूर विरला तरी टाळी वाजली नाही. पाईच्या टेबलामागून कुणीतरी बाई नुसतं "हो गं," म्हणाली.

मग टाळ्या पडल्या, पण नेल्डा थांबली नव्हती. बाजूच्या दारानं ती बाहेर गेली आणि तिच्या गाडीनं धूळ उडवली. ओलेटा खुर्चीतून उठू शकली नाही. तिचे गुडघे कापत होते आणि ते माझ्या दांड्यांवर आपटत होते, त्यामुळे मी सगळ्यांसमोर मांजरासारखी कुईकुई करत राहिले.

मंगळवारी भर दुपारी नेल्डा आली. काळा चष्मा लावून. गाडीच्या मागच्या सीटवर बॅगा होत्या. ओलेटानं बर्फ घातलेला चहा पुढे केला. तो हातात घेऊन ती माझ्या शेजारी उभी राहिली.

"अख्ख्या कौंटीसमोर मला खाली उतरवलंस."

"हो."

"विचारायचं तरी!"

"बुधवारी विचारलं होतं. रविवारीही विचारणार होते, पण तू माइकमध्ये ओरडलीस."

"मला वाटलं तू वर नेतेयस. तेव्हाच्या तेव्हा वळून तुझा गळा धरणार होते, माहितीये?"

"पाठीवरून कळलं मला."

मग नेल्डानं चष्मा काढला. "जन्मभर मी गाण्यातल्या त्या बाईला ओळखत होते असं समजत होते. मला वाटायचं ती वाट बघतेय."

"आणि आता?"

"आता ती जेवून झोपलीय."

ओलेटाला हसू फुटलं. "आई तेच करायची. बाबांचं ताट झाकायची आणि स्वतः दोनदा वाढून घ्यायची."

"कोंबडीचा पाय बाबांच्या ताटातला घ्यायची!" नेल्डा हसता हसता खोकायला लागली. मग खोकला थांबला आणि हसणंही. "ग्रेडीला शब्द दिलाय मी."

ओलेटानं तिला राहा म्हटलं नाही. मला वाटलं, म्हण ना! मला तोंड असतं तर मीच म्हटलं असतं. ती फाटकापर्यंत गेली, हात वर केला आणि गाडी दिसेनाशी झाल्यावरही तो खाली आणायला विसरली.

मला वाटलं आता पेटी, आता पलंगाखाली. ओलेटानं माझ्यावर चादर टाकली तेव्हा माझी खात्रीच झाली. चादरीखाली बसून मी दिवसभर कान देऊन असायचे. कुठे कडी वाजली की मला वाटे, आली न्यायला.

पण एक दिवस फोन वाजला आणि चादर उडाली.

"ई फार खाली आहे गं," फोनमधून नेल्डा. "शेवटचं कडवं चांगलं बसतं, पण पहिलं जमिनीवर सरपटतंय. मी इथे कपडे धुवायच्या खोलीत म्हणून बघतेय. सुनेला वाटतंय मला वेड लागलं."

"एफ?"

"एफ दे."

ओलेटानं फोन माझ्या लाकडावर ठेवला आणि कांडी पहिल्या रेषेवर. शेकडो मैलांवरून, कपड्यांच्या मशीनच्या घरघरीतून, नेल्डानं पहिलं कडवं म्हटलं. तिचा सूर माझ्या अंगाला चिकटून गुणगुणत होता. बरा लागला. दुसरंही बरं लागलं.

"आणि शेवटचं ईमध्येच," ती म्हणाली.

"एफमधून खाली ईमध्ये? नेल्डा, सगळे शेवटी वर चढतात."

"चढू देत त्यांना. आपण उतरू."

तेव्हापासून हेच चाललंय. कधी तिला एफ पटतो, कधी म्हणते अर्धा सूर वर घेऊ, कधी म्हणते मधलं कडवंच काढून टाकू. ओलेटा म्हणते, कडवं काढलंस तर मी वाजवणार नाही. मग फोन आपटला जातो आणि दोन दिवसांनी पुन्हा वाजतो. ऑक्टोबरच्या नाचाला येईन म्हणालीय. कायमची की गाण्यापुरती, ते ओलेटा विचारत नाही आणि ती सांगत नाही. पट्टी अजून ठरलेली नाही.

माझं वय झालंय. मधल्या पेडलची कडी सैल पडलीय, तिसरी तार महिन्यातून एकदा तरी तुटते आणि उकाडा वाढला की मी एकटीच उतरत बसते. तरी पेटीत जायची माझी तयारी नाही. या दोघींचं काही ठरेपर्यंत तर नाहीच.

आत्ताच बघा ना, फोन वाजतोय. ओलेटा मागच्या अंगणात चादरी वाळत घालतेय, वारा असा सुटलाय की तिला काही ऐकू जायचं नाही. फोनच्या घंटेनं माझ्या दहाही तारा कापतायत, पण कुणी छेडल्याशिवाय माझा आवाज निघत नाही. अहो, तुम्ही कुणी जवळपास असाल तर तिला हाक मारा हो. लवकर. ओलेटा, फोन घे! नेल्डा आहे!